मुट्टब्याड

लुंबिनी एकदाच बोलली होती. लग्नाला महिना बी झाला नसंल, फोनवर दुसरंच काहीतरी सांगता सांगता तिच्या तोंडून निघून गेलं, "माय, इथं माझा कप वेगळाय."

मी म्हणलं, वेगळा म्हंजे? तर म्हणे, "काय न्हाई गं, असंच." आणि लगेच मला इचारायला लागली की चुक्याच्या भाजीत दाळ कोणती घालू. जशी काय आयुष्यभर चुका खाल्लाच न्हाई! त्या दिवसापासून मला घास गोड लागंना.

लेक परजातीत दिली म्हणू नका. दिली न्हाई, तिनं तिचं केलं, कोर्टात जाऊन. पोरगं गुणाचं हाय, मन्मथ नाव, लातूरला बँकेत हाय. माणसं लिंगायत, निलंग्याकडची. आम्ही नांदेडचे, जयभीमवाले. आधी दोन्हीकडून रुसणं-फुगणं झालं, मग फोटोबिटो काढून गोड बी झालं. पण गोड वरवरचं हाय का आतपर्यंत, ते चाखल्याबिगर कळत न्हाई. पुढं जेव्हा जेव्हा कपाचं इचारलं तेव्हा लुंबिनी हसायची. म्हणायची, "तो कप आता लई कामाचा झालाय माय, तू ये, तुला दाखवते." लेकीचं हसणं मला कळतं. खरं हसते कधी अन् आईला फसवायला हसते कधी, ते बी कळतं. पण फोनवर न्हाई कळत.

म्हणून दिवाळी उरकल्यावर निघाले. एका हातात अर्धापूरच्या केळ्यांची पिशवी, अन् खांद्याला मोठी बॅग. रिकामी. आमच्या मालकानं, रामकिशननं, ती बॅग उचलून बघितली.

"हिच्यात काय हाय?"

"काय न्हाई. येताना भरून आणते."

"काय भरून आणतीस?"

"पोरीचे कपडे," मी म्हणलं. "तिथं शिवाशिव दिसली ना, तर एक मिनिट ठिवणार न्हाई तिला. संध्याकाळच्या एसटीनं घेऊन येते."

त्यानं कपाळावर हात मारला. "तुला शक घ्यायची खोडच हाय पारू. तू ताक बी फुंकून पितीस."

"तोंड कुणाचं पोळलंय? मपलं. मग कुणी फुंकायचं, शेजारणीनं?"

आता ते दूध कुठलं, ते सांगते. मपलं माहेर देगलूरच्या खाली, पार शिवेवर. तिथं निम्मा गाव कानडी बोलतो. लहान असताना गुडदाणी आणायला किराणा दुकानात गेले, अन् हौसेनं बरणीवर हात ठिवला. दुकानदारीण आतून वरडली, "मुट्टब्याड!" म्हंजे हात लावू नको. मग तिनं मपल्यादेखत ती बरणी पाण्यानं धुतली. गुडदाणी वरूनच मपल्या ओंजळीत टाकली. कानडीतला तेवढा एकच शब्द मला येतो. बाकीची भाषा मी शिकले न्हाई, शिकू बी वाटली न्हाई.

लातूरला पोचले तर विहीणबाई दारातच उभ्या. शरणम्मा. उंच बाई, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची डबी. "शरणू शरणार्थी, या," म्हणल्या. मी हात जोडले. विहीण पहिल्यांदा घरी आली की गळ्यात पडावं, निदान हात धरून आत न्यावं, ही जगाची रीत हाय. त्या बाईनं डावा हात छातीशी नेला, बस्स. उजवा हात पदराखाली. मी केळ्यांची पिशवी पुढं केली तर दोन पावलं मागं सरकल्या.

"लुंबिनी, अगं, आईच्या हातातली पिशवी घे."

कामून? तुमच्या हाताला काय झालंय? मनात म्हणलं हो, तोंडानं न्हाई. पण मनातल्या मनात बॅगेची चेन उघडली.

बॅग दिवाणाखाली सरकवून बसले. पाण्याचा गिलास आला तो बी डाव्या हातानं, अन् मपल्या हातात न्हाई, टीपॉयवर. ठिवला अन् हात मागं. व्याही बसवंतअप्पा पेपर वाचत बसलेले, ते म्हणले, "प्रवास बरा झाला का?" मी म्हणलं, हाव. नजर मपली त्या पदराखालच्या हातावर. बाई बोलतीय गोड, हसतीय गोड, अन् हात काय बाहेर काढंना. दाळीत काळं म्हणावं तर अख्खी दाळच काळी.

घरात मात्र वास लई झकास सुटला होता. गूळ, तूप, वेलदोडा, अन् भाजलेल्या पिठाचा.

"माय, तुझ्यासाठी क्रंबल लावलंय भट्टीत," लुंबिनी म्हणली.

"कंबल?"

"कंबल न्हाई गं, क्रंबल!" मग स्वतःच हसली. "पण कंबलच म्हण. खाली फळं झोपलेली, वरून पिठाचं पांघरूण."

मला हाताला धरून सयपाकघरात नेलं. ओट्याच्या कोपऱ्यात एक डब्बाभट्टी, तिच्या काचेतून आतला लाल उजेड दिसून राहिला. पोरगी सांगू लागली. खाली सफरचंद अन् पेरू, पेरूच्या बिया काढून. त्याला लिंबू, जरा सुंठ. वर ज्वारीचं पीठ, ओट, भुईमुगाचा भरड कूट, किसलेला गूळ, अन् थंड तूप बोटांनी चोळायचं, दाबायचं न्हाई, भुरभुरीत ठिवायचं. मैदा न्हाई, साखर न्हाई.

"अप्पांना डॉक्टरनं बेकरी बंद केलीय," ती म्हणली. "हे बी वाटीभरच देते त्यांना. काल पहिल्यांदा केलं तर ते वाटीसाठी अव्वाशी भांडले."

अव्वा म्हंजे शरणम्मा. सासूला पोरगी अव्वा म्हणते, कानडीत आई. ऐकून मला कसंतरीच झालं. आई म्हणायचं तिनं, अन् कप वेगळा ठिवायचा त्यांनी!

अन् तेवढ्यात तो दिसला. बाकीचे कप रॅकला वळीनं टांगलेले, एकसारखे, निळ्या फुलाचे. अन् हा एकटा खिडकीत, उपडा. पांढरा, कानाला तडा गेलेला.

"हाच का?" मी इचारलं.

"हाच," लुंबिनी म्हणली, अन् हसली.

"हसू नको! मपला जीव जाऊन राहिला इथं!"

"अगं माय, ऐक तर..."

भट्टीची घंटी वाजली. तिनं जाडं फडकं धरून काचेचं भांडं बाहेर काढलं, ओट्यावर पाटाच्या तुकड्यावर ठिवलं. तेवढ्यात तिकडं मन्मथचा फोन आला, "आले, आले" करत ती बाहेरच्या खोलीत पळाली. मी एकटी उभी. समोर ते क्रंबल, खिडकीत तो कप.

सांगते खरं, रडू आलं होतं. ह्या पोरीला शिकवायला मी अंगणवाडीत किती वर्षं काढली. तिला कधी कुणापुढं ओंजळ करायला लावली न्हाई. अन् हिनं स्वतःच्या पायानं चालत येऊन असा कप घेतला, वर हसती.

भांडं चांगलं दिसत होतं. काचेचं, स्वच्छ, ना धूर ना वाफ. वरचं पीठ बदामी झालेलं, कडेनं फळांचा रस वर आलेला. म्हणलं बघावं तरी पोरीनं काय केलंय, चिमूटभर. मी हात पुढं केला.

"मुट्टब्याड!"

मागं शरणम्मा. डोळे मोठे, आवाज असा की भिंत हलावी. "मुट्टब्याड! सुडतद!"

मपला हात हवेत तसाच राहिला. बरणी आठवली. बरणीवरून वाहिलेलं पाणी आठवलं. पुढचा शब्द मला कळला न्हाई, सूड का काय म्हणली, पण पहिला पुरेसा होता. मपल्या पोरीनं केलेल्या खाण्याला, मपल्या पोरीच्या घरात, मीच हात लावायचा न्हाई!

"कामून न्हाई लावायचा?" मी वरडले. "आँ? आम्ही शिवलं की बाटतं का तुमचं? गिलास हातात देईना, पिशवी हातात घेईना, हात पदराखाली लपवून बसलाव, मला दिसत न्हाई का? त्या खिडकीतला कप दिसत न्हाई मला? आंधळी न्हाई मी! हे घ्या, शिवले! धुवा आता काय धुवायचं ते!"

अन् अख्खा पंजा भांड्यावर ठिवला.

आई गं! काय सांगू! टाळूपर्यंत कळ गेली. मी अशी किंचाळले की बसवंतअप्पा पेपरासकट उठले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अन् त्या बाईनं काय करावं? पदर फेकला अन् दोन्ही हातांनी मपलं मनगट धरलं. ओढत नेलं नळाखाली. पाणी सोडलं, अन् मपली बोटं एक एक करून उघडून धारेखाली धरली. "शिवा शिवा शिवा," करून राहिली. तवा मला तिचा उजवा हात दिसला. तीन बोटांना पांढरी पट्टी. पट्टी भिजून वघळत होती अन् तिला भानच न्हाई.

"हे काय झालं तुम्हाला?" मी इचारलं.

"काल," शरणम्मा म्हणली. "ह्याच भांड्यानं. पदरानंच धरायला गेले. काच हाय, ओळखू येत न्हाई. सुडतद म्हणलं मी तुम्हाला. सुडतद. पोळतं म्हंजे! घाबरले की मराठी निघतच न्हाई तोंडातून."

"मग लपवलाव कामून?"

तिनं मपला हात धारेखाली उलटा केला. पाणी वाहत होतं. मग म्हणली, "तुम्ही पहिल्यांदा येणार. तुमच्या पोरीच्या भट्टीनं पोळलं म्हणलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं सासू गाऱ्हाणं सांगून राहिली. आल्यापासून तुमची नजर बघते मी. पोलिसासारखी."

मी तिच्यावर शक घेते, अन् ती मपल्यावर. दोघी एका नळाखाली. अप्पा टूथपेस्ट घेऊन आले तर तिनं त्यांना कानडीत असं काही झापलं की ते पेस्ट घेऊन परत गेले.

पण मी पारूबाई हाय. एवढ्यानं सोडणारी न्हाई. हात गार होऊन राहिला तसा दिमाग बी गार झाला, अन् म्हणलं, "हाताचं कळलं. कपाचं सांगा."

शरणम्मानं नळ बंद केला. मला वाटलं, आता उडवून लावती. न्हाई. सरळ मपल्याकडं बघितलं.

"ठिवला होता वेगळा," ती म्हणली. "पहिल्या महिन्यात. खोटं बोलणार न्हाई. आमच्या बसवण्णांनी सांगितलं, कुणी उच्च-नीच न्हाई, ते रोज तोंडानं म्हणते, अन् हातानं कप वेगळा ठिवला."

मपल्या अंगाची आग झाली. म्हंजे शक खोटा न्हवताच! एका डोळ्यानं दारातून दिवाणाखालची बॅग बघितली.

"मग?" मी म्हणलं. "आता?"

"आता तुमच्या पोरीला इचारा."

लुंबिनी दारात उभी होती. कवाची उभी होती काय की. आत आली, खिडकीतला तो कप घेतला.

"भट्टी आणली ना माय, त्या दिवशी अव्वाला म्हणलं, मापाला एक कप लागतो. हा माझाच हाय, हाच घेते. अन् घातला ज्वारीच्या डब्यात. मग गुळाच्या डब्यात. मग तुपाच्या बरणीत." तिनं कप उलटा करून मला दाखवला, जसा काय कारखान्याचा शिक्काच. "तवापासून ह्या घरात पीठ असो का साखर असो, ह्याच कपानं निघतं. सगळ्यांची भाकर ह्याच्यातून जाते. अव्वा बघत होती. काय बोलली न्हाई."

"काय बोलणार?" शरणम्मा म्हणली. "सगळं बाटवलं हिनं एका दुपारी. उपाशी राहायचं का खायचं, एवढंच उरलं होतं. एक येळ न्हाई जेवले. रात्री भूक लागली."

अन् ती हसली. मला हसू आलं न्हाई, लगेच तर न्हाईच. पोरीचा राग आला, तिचं कवतिक बी वाटलं, अन् त्या बाईवर किती राग धरावा ते समजंना. महिनाभर मपल्या लेकीनं त्या तड्याच्या कपात चहा प्यायला, ते एका हसण्यात कसं फिटंल?

"बॅग रिकामी कामून आणलीस?" लुंबिनीनं हळूच इचारलं. मपलीच लेक ती. तिला दिसणार न्हाई होय!

"बघू," मी म्हणलं. "अजून गाडीला येळ हाय."

मग बाहेर दिवाणावर बसून क्रंबल काढलं. मपला उजवा हात ओल्या फडक्यात, शरणम्माचा पट्टीत. दोघींना चमचा धरता येईना. लुंबिनीनं एकच वाटी घेतली, अन् चमचा बी एकच. मी तिच्याकडं बघितलं. तिनं तोंडावरची माशी बी हलू दिली न्हाई.

"आ कर माय."

पहिला घास मला. वरचं पांघरूण कुरकुरीत, खाली पेरू मऊ लोण्यासारखा, गुळाची गोडी घशात जाईपर्यंत रेंगाळली. मी मुद्दाम चमचा चांगला चाटून पुसून सोडला. लहानपणची सगळी उधारी त्या चमच्यावर ठिवली म्हणा ना.

लुंबिनीनं तोच चमचा परत वाटीत घातला, भरला, अन् शरणम्माच्या तोंडापुढं धरला.

"अव्वा, आ."

मी पापणी हलवली न्हाई. बाई त्या चमच्याकडं बघून राहिली. मग मपल्याकडं बघितलं. मग परत चमच्याकडं. तोंड काय उघडंना. म्हणलं झालं, शेवटी इथंच आलं. पायानं दिवाणाखालची बॅग पुढं ओढली.

"सुडतद," शरणम्मा म्हणली.

अन् दोनदा फुंकर मारून अख्खा चमचा तोंडात घेतला.