बालयोग्याचा अंगठा

आष्टीजवळच्या त्या गावात गुरुवारी सकाळी जी गर्दी लोटली, तिच्यापुढं आठवडी बाजारानं झक मारावी. पारावर काचेची पेटी, पेटीत लाल मखमल, मखमलीवर वाळून काळा पडलेला, लहान मुलासारखा हात. बोटं, नखं, सगळं जागच्या जागी! मनगटाभोवती झेंडूची भरगच्च माळ. शेजारी बालहस्त महाराज, डोळे मिटलेले, माइक मात्र बराबर तोंडासमोर.

“सातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या बालयोग्याचा हा हात! मातीनं देह खाल्ला, हात खायची हिंमत झाली न्हाई! याच्या व्हायब्रेशननं फेफरं जातं, मणका बसतो, सून वठणीवर येते!”

मीनाचा जीव त्या फेफऱ्यात अडकला होता. ती परतूरला विज्ञान शिकवायची. तिच्या थोरल्या भावाची, कडूबाची, नऊ वर्षांची साक्षी फेफऱ्याच्या गोळ्यांच्या जोरावर दोन वर्षं ठणठणीत होती. औषध आणि व्हायब्रेशन एकत्र चालत नाही असं महाराजांनी आधीच सांगितलं, म्हणून कडूबानं चार दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या. काल पोरगी शाळेत कोसळली, तशी मीना गावी धावत आली.

“दादा, पाया पडते, गोळी दे तिला.”

“ते आतलं बाहेर निघून राह्यलंय, महाराज म्हणले. तुझ्या पुस्तकात समदंच असतंय का?”

मीना भडकली होती, पण भावाशी भांडून पोरीचा दिवस वाया गेला असता. तो हात जवळून बघायचाच, म्हणून तिनं साक्षीला घेऊन थेट पेटी गाठली. “महाराज, पोरीचा हात बालयोग्याच्या हाताला लावू द्या.”

एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? झाकण उघडलं. मीनानं माळ बाजूला सारली. साक्षीनं आपला पंजा शेजारी ठेवला.

“आत्या, याचा अंगठा कुठंय?”

होता. मनगटाजवळ एवढासा कोंब. बाकीची बोटं मात्र साक्षीच्या बोटांहून लांब.

“योगसाधनेनं आखडला!” महाराज गरजले.

कडूबा पुढं झाला आणि बघतच राहिला. वर्षापूर्वी विजेच्या तारेला चिकटून वानर मेलं, तेव्हा गावानं ते वाजतगाजत ओढ्याकाठी नेऊन पुरलं, वर ओटा बांधला, तेरावं घातलं. मुंडण कडूबानंच केलं होतं. खड्ड्यात बसवताना वानराचे हात नमस्काराला त्यानंच जोडले होते.

“जोडताना अंगठे असेच एवढुसे, एकमेकाला न टेकता राह्यले होते,” तो पुटपुटला. “मीना, हे आपलं वानर हाय!”

लोक ओढ्याकाठी धावले. वानराच्या ओट्यामागची माती उकरलेली होती. इकडं महाराज मोटारसायकलची चावी शोधत होते. पोरांनी त्यांना पोलीस येईपर्यंत पारावरच बसवून ठेवलं.

“पण बाई, वानराचा हात माणसावानी कसा गं?” गर्दीतल्या गोजरबाईनं विचारलं.

“मावशी, दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांमागं एकच होते. दंडात एक हाड, कोपरापुढं दोन, मनगट, मंग पाच बोटं. वटवाघळाच्या पंखातबी हीच हाडं, फक्त बोटं लांबलेली. जसं जगणं, तसा एकाच हाताचा आकार हळूहळू बदलत गेला. वानर फांदीला बोटांचा आकडा करून लोंबकळतं, त्याचा अंगठा लहान झाला.”

“मंग फुलपाखरूबी वटवाघळाचं सोयरं?”

“न्हाई ना! त्याच्या पंखात हाडच न्हाई. उडायचं काम एक, म्हणून वरवर सारखं दिसतंय. वरचं रूप फसवतंय मावशी, आत काय आहे ते बघावं लागतं.”

कडूबानं कपाळावर हात मारला. “वानरासाठी डोकं भादरलं अन् पोरीची गोळी बंद केली. काय म्हणावं मला?” उत्तराची वाट न बघता त्यानं डॉक्टरांना फोन लावला. ते तिकडून जे बोलले ते त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि साक्षीला गाडीवर बसवून दवाखान्याकडं निघाला.

बाबांनो, श्रद्धा ज्याची त्याला. पण फेफरं हा मेंदूचा आजार आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर माळ सरकवून नीट बघा, प्रश्न विचारा. नऊ वर्षांच्या पोरीला जमलं, तुम्हालाही जमेल.