घोडा बसला

घोडदळाच्या त्या रेजिमेंटमध्ये घोडा उरला नव्हता. साठ वर्षांपूर्वी तबेल्यात चिलखती गाड्या आल्या. काम मात्र तेच राहिलं: सैन्याच्या पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते पाहायचं, मागे कळवायचं. बोलीही तीच राहिली. गाडी म्हणजे घोडा, डिझेल म्हणजे पाणी. पायदळवाले हसायचे, "सुंभ जळला, पीळ काही जात नाही."

गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री वायरलेसच्या खोलीत आला. त्याची मुलगी तीन नंबरची गाडी चालवायची. कालपासून तिचा पत्ता नव्हता. त्याने नोंदवही ओढून घेतली.

"काका, वही बघायला परवानगी लागते," ऑपरेटर म्हणाली.

"गाड्यांखाली झोपायला परवानगी लागत नाही ना? मग बघू दे."

कालची नोंद होती: 'सकाळी नऊ. नदीपलीकडे. तीन नंबरचा घोडा बसला.' पुढे शेरा: 'विश्रांती.'

"हा शेरा कुणाचा?"

"माझा. दमले असतील, बसले असतील जरा." ती पायदळातून बदलून आली होती, त्याला आठवडाही झाला नव्हता.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "पोरी, घोडा डुलकीसुद्धा उभ्यानं काढतो. पलटणीचा घोडा मोहिमेवर बसला, की तो उठायचा नाही. म्हणून आमच्यात घोडा बसला म्हणजे गाडी बंद पडली, न्यायला या."

"मला कुणी सांगितलं नाही, काका."

"हो. सगळ्यांना ठाऊकच असतं, असं वाटायचं आम्हाला."

तो आधी गाड्यांकडे, मग मेजरसाहेबांकडे गेला. "साहेब, तीन नंबरचा घोडा बसलाय. ओढून आणायची गाडी तयार ठेवलीय. मी स्वतः जातो."

"कुठून जाणार? काल दुपारी आपणच पूल उडवला."

"आपली माणसं पलीकडे असताना?"

"शत्रू पुलापाशी पोचत होता. तीन नंबरला दोनदा परत बोलावलं. वायरलेसकडून मला फक्त 'विश्रांती' एवढंच कळलं. म्हणजे गाडी धड आहे, येतील, असंच धरलं मी." साहेबांनी नकाशावरून हात काढला. "उत्तर का आलं नाही?"

"इंजिन बंद. बॅटरी किती वेळ टिकणार?"

मिस्त्रीने नकाशाकडे पाहिलं. "दुसरा पूल?"

"एकच होता."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर इंजिनाची घरघर चालू होती.

"कुणाची गाडी आहे ती?"

"माझीच. चालू ठेवून आलो होतो."

"डिझेल कमी आहे, मिस्त्री."

"हो, साहेब."

त्याने जाऊन इंजिन बंद केलं.