होडी नसलेला पडदा

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाला मागे बसलं की अर्धे बुवा खांबाआड जातात आणि अर्धी गोष्ट शेजारच्याच्या खोकल्यात. तसं नको व्हायला. आज तुम्हाला एका पडद्याची गोष्ट सांगते. त्या पडद्यावर होडी नव्हती, आणि त्याआधी एका होडीपायीच एका मुलीची चित्रकला कायमची सुटायची वेळ आली होती.

मी एक जुनी पुठ्ठ्याची खिडकी आहे. माझं कूळ हापूस आंब्याच्या खोक्याचं. आंबे संपल्यावर ते खोकं रत्नागिरीच्या एका शाळेतल्या लीलाबाईंकडे आलं. बाई चित्रकला शिकवायच्या. त्यांनी पट्टी ठेवून ब्लेडने माझ्या मधोमध पोस्टकार्डाएवढा चौकोन कापला. कापलेला तुकडा चहाच्या कपाखाली गेला, आणि उरलेली पोकळ मी कामाला लागले.

माझं काम सोपं होतं. मुलांनी एक डोळा मिटायचा, मला दुसऱ्या डोळ्यापुढे धरायचं आणि माझ्या आत येईल तेवढंच काढायचं. बाहेरचं जग सोडून द्यायचं. पुष्कळ वर्षं मी पुष्कळ हातांतून फिरले. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी माझ्यातून जांभ्या दगडाचं कुंपण पाहिलं आणि "वा!" म्हणाले. ते माझ्या वाट्याचं कौतुक. पुढे मुलांच्या हाती फोन आले, बाई निवृत्त झाल्या, आणि मी त्यांच्या ट्रंकेत चित्रांच्या कार्डांमध्ये जाऊन पडले. मोठमोठ्या चित्रकारांची ती कार्डं. शेजार चांगला होता, पण उजेड नव्हता.

गेल्या माघात ट्रंक उघडली. समोर उर्वी उभी होती. सहावीतली मुलगी, बाईंच्या शेजारची. हातात चुरगळलेला कागद, डोळे लाल.

झालं होतं असं. वाडीच्या देवळात कीर्तनाचा उत्सव होता. तिचे आजोबा भास्करअण्णा देवळाचे विश्वस्त. संगमेश्वरचे यज्ञेशबुवा नाटे गावच्या एका खलाशाचं आख्यान लावणार होते. वादळात होडी बुडते, आणि आईने किनाऱ्यावर लावलेल्या दिव्याकडे बघत खलाशी पोहत घरी येतो. बुवांच्या मागचा पडदा आपली नात रंगवणार, असं अण्णांनी वाडीच्या ग्रुपवर टाकूनही दिलं होतं. उर्वीने सरावाला कागदावर होडी आणि खलाशी काढला. अण्णांनी तो चष्मा वर-खाली करून पाहिला.

"हा खलाशी काय गो? मला वाटलं, होडीतून बटाटे चाललेत पालीच्या बाजाराला."

घर हसलं. उर्वी हसली नाही.

"बाई, तुम्हीच काढून द्या ना," ती म्हणाली. "मी कुण्णाला सांगणार नाही."

"मी नाही देणार."

"मग मी पुन्हा कधी ब्रश धरणार नाही. खरंच सांगते."

बाईंनी ट्रंकेत हात घातला. त्यांनी कार्डं जमिनीवर मांडली.

"हे काय आहे?" उर्वीने विचारलं.

"तूच बघ."

"नुसता ठिपका."

"रझा नावाच्या चित्रकाराचा. लहानपणी त्याचं शाळेत लक्ष लागेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला सांगितलं, ह्याच्याकडे बघत बस. मोठेपणी परदेशात राहिला, खूप चित्रं काढली, आणि पुन्हा त्या ठिपक्याशी आला."

"मी असते तर झोपले असते."

दुसऱ्या कार्डावर काळ्या सरळ रेघा आणि लाल, पिवळे, निळे चौकोन होते. "हा मोंद्रियान. आधी झाडं काढायचा. काढता काढता फांद्यांच्या रेघा झाल्या, आणि शेवटी झाड गेलं, रेघा राहिल्या."

तिसरं कार्ड गायतोंडे नावाच्या चित्रकाराचं, नुसते एकमेकांत विरघळलेले रंग. उर्वी त्याच्यावर बराच वेळ वाकून होती.

"समुद्र आहे का?"

"त्यांनी समुद्र म्हणून काढलेला नाही."

"मग धुकं?"

"तेही नाही."

"मग आहे काय ह्यात?"

"देवळात पेटीचा सूर लागलेला असतो, बुवा अजून तोंड उघडायचे असतात. तेव्हा तू विचारतेस का, ह्यात गोष्ट काय आहे म्हणून?"

"नाही. तेव्हा अंगावर काटा येतो."

"मग तसंच बघ."

उर्वीने नाक उडवलं. "असलं तर मी पण काढीन."

बाईंनी कागद पुढे सरकवला. पहिला ठिपका सांडलेल्या शाईसारखा झाला. दुसरा शर्टाच्या बटणासारखा. दिवेलागणीपर्यंत तिने अकरा ठिपके काढले आणि म्हणाली, "बाई, ठिपका कठीण आहे हो."

दुसऱ्या दिवशी बाई तिला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेल्या. पुष्कळ वर्षांनी मला वारा लागला. उर्वीने मला डोळ्यापुढे धरलं. आधी माझ्यात होड्या आल्या, सुरूची झाडं आली. मग तिने मला हळूहळू सरकवलं. झाडं गेली, होड्या गेल्या. खाली एक रंग, वर एक रंग आणि दोन्ही जिथे टेकतात ती जागा, एवढंच राहिलं.

"होडी गेली की समुद्र जास्त मोठा होतो," ती हळूच म्हणाली.

चार दिवस ती पडद्यापुढे होती. खाली काळपट हिरवा, वर राखाडी, मध्ये फाटल्यासारखी रेघ. उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा पिवळा.

उत्सवाच्या दुपारी पडदा लागला. अण्णा आले आणि बघतच राहिले.

"होडी कुठाय गो? खलाशी कुठाय? लोक म्हणतील, रंगाचा डबा कलंडला!"

मांडववाला पुढे झाला. "अण्णा, फक्त हो म्हणा. दोन तासांत फ्लेक्स लावतो. होडी, खलाशी, वर तुमचा फोटोपण."

अण्णांनी पडद्याची एक गाठ सोडली. उर्वी खालची कड मुठीत धरून उभी राहिली. रडली नाही, पण सोडलीही नाही. तेवढ्यात पिशवी खांद्याला लावून यज्ञेशबुवा आले. चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि मग पडद्यासमोर उभे राहिले.

"ती गाठ बांधा परत," ते म्हणाले.

"अहो बुवा, पण होडीच नाही!"

"अण्णा, होडी पडद्यावर असती तर मी ती बुडवू कशी? मी घसा फोडून सांगणार, होडी बुडाली हो, आणि ती माझ्या डोक्यावर तासभर तरंगतच राहणार! होडी मी आणतो. मला बुडवायला पाणी हवं होतं, ते ह्या पोरीने दिलंय."

अण्णांनी गाठ बांधली. घट्ट नाही, पण बांधली.

कीर्तन रंगलं. बाईंच्या पुढेच मैना बसली होती. माहेर त्याच नाटे गावचं, घरची मासेमारी. तिच्या शेजारणीने विचारलं, "पडद्यावर होडी दिसत नाय ती?"

मैना डोळे पुसत फिस्कारली, "बुवांनी बुडवलीन ना मघाशीच! गप बस."

आणि बुवांनी आईच्या दिव्याचं नाव घेतलं, तेव्हा सगळं देऊळ त्या पिवळ्या ठिपक्याकडे वळलं. पहिल्या रांगेतल्या अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आरतीनंतर कपाळाला बुक्का लावून ते उर्वीपाशी आले.

"खलाशाला पोहायला बराच वेळ लागला गो."

"पाणी खूप होतं, अण्णा," उर्वी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती बाईंकडे आली आणि मोठा कागद मागितला. मलाही घेऊन गेली.

मित्रांनो, मी पुठ्ठा आहे. ओल लागली की फुगते, दप्तरात कोंबलं की मोडते. मला जपा. एखादं चित्र कळलं नाही तर त्याला हसण्याआधी त्याच्यासमोर थोडं बसा. चित्रकारांची नावं विसरलात तरी चालेल, ती पुस्तकात सापडतील. पण एक नाव पुस्तकात नाही, म्हणून सांगते.

उर्वी पडदा रंगवत होती तेव्हा लीलाबाई मागे उभ्या होत्या, हात पाठीशी धरून, आणि त्या हातांत मी होते. मधली रेघ काढताना उर्वीचा ब्रश घसरला. बाईंची बोटं माझ्यावर इतकी आवळली की माझी डावी कड कायमची दुमडली. त्यांच्या सरावलेल्या हाताला ती रेघ नीट करायला एक फटकारा पुरला असता. त्यांनी हात पुढे आणला नाही. उर्वी थांबली, बघत राहिली, आणि घसरलेली रेघ तशीच पुढे फाडत नेली. त्या रेघेतूनच बुवांनी होडी खाली नेली.

हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या त्या लीलाबाईंची आठवण ठेवा.