जोडायचा रणगाडा

बांगडे आणायला मालवणला जातो असं सांगून मी एसटीत बसलो. बांगडे घेतलेही. पण खरं काम बाजारपेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात होतं आणि त्या दुकानासमोरून मी बांगड्यांची पिशवी घेऊन नुसताच इकडून तिकडे करत राहिलो. शेवटी दुकानदारालाच दया आली असावी.

"काय होया काका?"

"रणगाडा," मी म्हणालो. "रिमोटवर चालणारा."

"नातवाक?"

इथे फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. एक शब्द. पण दुकानात एक बाई मुलीसाठी बाहुली बघत होती, ती वळून माझ्याकडे बघायला लागली आणि मी म्हणालो, "हो. नातवाला."

त्याने एक हिरवा रणगाडा काउंटरवर ठेवून चालू केला. त्यावर लाल-निळे दिवे लागले, एक गाणं वाजलं आणि तो गोल गोल फिरून माझ्या पिशवीवर आपटला.

"असा नको," मी म्हणालो. "जोडायचा मिळतो का? म्हणजे सगळे भाग सुटे असतात, आपण घरी जोडायचे."

"सुटो?" तो हसला. "काका, मोडून सुटो झालेलो रणगाडो लोक माका परत आणून देतत. तुमी पैसे देवन सुटो मागतास?"

बाहुलीवाली बाईही हसली. मी बाहेर पडलो.

कट्टा गावच्या वाचनालयात मी सगळी नोकरी केली. तिथे युद्धांच्या इतिहासाचं एक कपाट होतं. त्यातली पुस्तकं कोणी नेत नसे, म्हणून मीच वाचायचो. रणगाडा कसा वळतो हे मला तिथे कळलं. त्याला स्टिअरिंग नसतं. एका बाजूचा पट्टा थांबवायचा, दुसऱ्या बाजूचा चालू ठेवायचा, की तो अवजड गाडा जागच्या जागी वळतो. ही गोष्ट मला इतकी आवडली की का आवडली ते मी कोणाला सांगूच शकलो नाही. मग निवृत्तीनंतर मोबाइलवर एक दिवस दिसलं की तसाच रणगाडा, टेबलावर मावेल एवढा, घरी बसून जोडता येतो. पट्ट्याची कडी न् कडी आपण ओवायची, चाकं बसवायची, गिअर लावायचे, आणि मग रिमोट हातात घेऊन अंगणात तो चालवायचा. आमच्या खळ्यात काजूच्या वाळक्या पानांवरून तो करकरत जातोय, हे मला डोळे उघडे ठेवूनही दिसायला लागलं.

तेव्हापासून मी वाचत होतो. जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. कोणी लिहिलं होतं की पहिलाच घेत असाल तर तयार घ्या, जोडायचा अर्ध्यात सोडाल. कोणी लिहिलं होतं की तयार घेणं म्हणजे दुसऱ्याने चघळलेला ऊस. धातूचे पट्टे घ्या, वजनदार चालतात. धातूचे घेऊ नका, गंजतात. मी शर्मन जातीचा एक सुटा संच निवडायचो, बघत बसायचो, आणि परत काढून टाकायचो. माझ्या हातून चष्म्याचा स्क्रू बसत नाही. मी गिअर बसवणार?

घरी पोचलो तेव्हा माझ्या बायकोने, आनंदीने, पिशवी नाकाशी धरली.

"ह्ये बांगडे मालवणसून चलत इले काय?"

"उशीर झाला थोडा. विनीतसाठी एक खेळणं बघत होतो. रणगाडा."

एक शब्द राहिला की त्यावर दुसरा बसतो. आनंदीला इतका आनंद झाला की बांगडे तसेच ठेवून तिने पुण्याला फोन लावला. आजोबा नातवासाठी स्वतःहून काही घेतायत, हे आमच्या घरात प्रथमच घडत होतं. आमचा मुलगा गुरुप्रसाद फोनवर आला.

"बाबा, छान कल्पना आहे. पण रेडीमेडच घेऊ. विनीत जोडत वगैरे बसणार नाही. तुम्ही कशाला शोधताय? रविवारी मीच इथल्या पत्त्यावर मागवतो. तुमच्याकडून म्हणून देतो त्याला."

"बरं," मी म्हणालो.

झालं. रणगाडा येणार होता, माझ्या नावाने येणार होता, आणि पुण्याला जाणार होता. तोही दिवे लागणारा. मग स्वतःसाठी आणखी एक मागवायचा? एक नातवाला, एक आजोबाला? कुरिअरवाला खोकं घेऊन दारात उभा राहिला की आनंदीला काय सांगणार, आणि शेजाऱ्यांना काय? आता नाही जमलं तर मग कधीच नाही, हेही मला ठाऊक होतं. जी गोष्ट मागायची लाज या वर्षी वाटली, ती पुढच्या वर्षी कमी होत नाही.

रविवार जवळ यायला लागला तसा माझा जीव एका जागी ठरेना. पुस्तक उघडायचो, तीच ओळ परत परत वाचायचो. जेवताना हात थांबायचा. दुपारची वामकुक्षी सोडून मी खळ्यात फेऱ्या मारायला लागलो. तुळशीपासून माडापर्यंत, माडापासून तुळशीपर्यंत. आनंदी दारातून बघत राहायची.

"तुमका काय होता?"

"काही नाही."

"मगे असे कित्याक फिरतास, चक्राक जुंपल्यासारखे?"

"पचन होत नाही."

"जेवलास खंय पचूक?"

मी परत माडाकडे वळलो. तिची नजर माझ्या हातांवर होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी तिने माझा धुतलेला सदरा खाटेवर ठेवला. "कपडे करा. देवळात जावचा आसा."

"आज काय आहे?"

"कौल घेवचो आसा."

"कशाचा?"

"तुमचो," ती म्हणाली आणि नारळ घ्यायला आत गेली.

आमच्या रवळनाथाच्या देवळात कौल घेतात तो असा: गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोणी लग्नाचं विचारतं, कोणी आंब्याच्या बागेचं. माझा विश्वास आहे की नाही, याबद्दलही माझं कधी एक मत झालेलं नाही.

त्या दिवशी बरीच माणसं होती. विहिरीचा कौल घ्यायला आलेला गुरुदास आमच्या मागेच उभा होता. गंगाराम गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, गावच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली माणसं एका सुरात म्हणाली.

"आज ही तुझी लेक आनंदी तुझ्या पायाकडे इली आसा. तिच्या घोवाच्या जिवाक थारो नाय. जेवणावर मन नाय, एका जाग्यार पाय नाय. अंगात काय दुखणा नसात तर उजवो दी, असात तर डावो दी, पण तिच्या मनाचो घोर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. उजवीही नाही, डावीही नाही. गंगारामने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या तशाच.

"भाऊ, आवरा मरे," गुरुदास मागून म्हणाला. "माका बावीचा इचारूचा आसा. तुमच्या पचनापरास पाणी महत्त्वाचा."

कोणीतरी खुसखुसलं. गंगाराम मात्र माझ्याकडे वळला.

"भाऊ, देव बोलूक तयार आसा. तुमीच काय तरी धरून ठेवलास. मनातला भायर काढल्याशिवाय कौल येवचो नाय."

मी आनंदीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती. माझी बोटं हलत होती. अंगठा आणि तर्जनी, कडीत कडी अडकवत. तिच्या थोरल्या भावाचा आजार अशाच हलत्या बोटांनी सुरू झाला होता, आणि त्यानेही शेवटपर्यंत कोणाला काही सांगितलं नव्हतं. इतके दिवस ती दारात उभी राहून काय बघत होती ते मला तिथे, त्या गर्दीत कळलं.

"दुखणं काही नाही," मी म्हणालो.

"मोठ्यान बोला."

वाचनालयात आयुष्य गेलं, मला मोठ्याने बोलायची सवय नाही. माझी भाषाही तिथे पुस्तकी झाली. आनंदी मालवणीत विचारते आणि मी तिला मराठीत उत्तर देतो, हे वर्षानुवर्षं चाललंय. पण त्या क्षणी तोंडातून आलं ते असं:

"माका रणगाडो होयो."

गुरुदास मान पुढे काढून बघायला लागला.

"काय होयो?" गंगारामने विचारलं.

"रणगाडो. खेळण्यातलो. सुटे भाग हाडून जोडूचो आणि रिमोटान चालवचो. विनीताक नाय. माका."

आता सगळे हसणार म्हणून मी डोळे गच्च मिटून घेतले. पण गंगाराम हसला नाही. त्या गाभाऱ्यासमोर उभं राहून त्याने याहून चमत्कारिक मागण्या ऐकल्या असतील. त्याने खाकरून घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक रणगाडो होयो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपर्यंत त्येणां तुझ्याकडे कायएक मागूक नाय. तर तो रणगाडो त्येच्या घराक येवंदे, त्येच्या हातान जोडूक जावंदे, आणि कोणाच्या पायात न येता त्येच्या खळ्यात चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज गुरुदासचा होता.

आणि मग कोणीतरी ओरडलं, "उजवो!"

मी डोळे उघडले तेव्हा गंगाराम मूर्तीच्या पायाशी पडलेली पाकळी उचलत होता.

आनंदी प्रसाद घेऊन भराभर पुढे निघाली. मी चपला शोधून बाहेर आलो तेव्हा ती पायऱ्यांवर बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी बाजूला बसलो. जे मनात होतं तेच विचारलं.

"खरंच उजवी पडली? मी बघितलं नाही."

"माझे डोळे फुटले नाय."

"वाऱ्याने पडली नसेल ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाऱ्याचा विषय सोडला. मग ती म्हणाली, "बोटा कित्याक हलवत होतास?"

"पट्ट्याच्या कड्या ओवून बघत होतो. जमतं का ते."

"कड्या," ती म्हणाली. "माका वाटला दादासारख्या. रोज रातचा देवाक हात जोडलंय. आणि तुमी कड्या ओवतास!" तिने नारळाची पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटली, जरा जोरातच. मग पिशवीतून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "झिलाक फोन करा. आत्ताच्या आत्ता. मागवल्यान तर बसा मगे फिरत."

गुरुप्रसादने लगेच उचलला. "बाबा, बरं झालं. आत्ता ऑर्डरच करत होतो."

"थांब," मी म्हणालो. "विनीतला त्याला हवं ते घे. रणगाडा नको. रणगाडा मला हवाय."

"कोणाला?"

"मला. जोडायचा. शर्मन."

"बाबा, पहिलाच घेताय, तर सोपा एखादा..."

"सोपा नको."

"बरं. बरं, बघतो." तो बहुतेक हसत होता, पण वाईट नव्हता तो हसण्याचा आवाज. "मिळाला. इथे विचारतायत, पट्टे प्लास्टिकचे की धातूचे?"

खारा वारा. वजन. गंज. आवाज. माझी नजर देवळाच्या दाराकडे गेली. आत गुरुदासच्या विहिरीचं गाऱ्हाणं चाललं होतं.

"आता त्येच्यासाठी परत कौल नाय हां!" आनंदी म्हणाली.

"धातूचे," मी घाईघाईने म्हणालो.

घरी पोचेपर्यंत मला वाटत राहिलं, प्लास्टिकचेच बरे होते.