दूधचोर

मंगळवार उजाडला, की पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत तान्ह्या पोरांची रांग लागायची. दूध ओकणारं पोर आणायचं, दयाराम महाराजांनी तापल्या सळईने पोटावर डाग द्यायचा, आणि आठवड्यात ओकणं बंद!

"पेट में दूधचोर बैठा है, माई! डिब्बे के दूध की खुशबू पे आता है. लोहा देखेगा तो भागेगा!" महाराज गरजत. चोराला डब्याचंच दूध का आवडतं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

शर्मिष्ठाला जुळे, विहंग आणि यशदीप. अंगावरचं पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं, तर दोघेही भडाभडा ओकायचे. सासू सत्यभामाबाईंनी तिला महाराजांपुढे नेलं. एका घरचं एकच पोर, दुसरं पुढच्या मंगळवारी, असा तिथला कायदा. विहंगला डागलं. किंकाळी ऐकूनही शर्मिष्ठाने महाराजांना थांबवलं नाही. आईच्या त्या गप्प राहण्याला माफी नाही.

वर नेम मिळाला : "आधी बोतल, पूरी नहीं, हर दो घंटे. फिर डकार, और कंधे पे खड़ा रखके आधा घंटा जाप. लिटाया तो चोर लौटा!" तिने नेम दोघांनाही लावला. आठवड्यात दोघांचं ओकणं जवळपास थांबलं. विहंगच्या डागात मात्र पू झाला आणि ताप चढला.

चौबे कॉलोनीतल्या डॉक्टर पूर्णिमांनी त्याला तातडीने भरती केलं. शर्मिष्ठाकडून नेम ऐकून घेतला, मग यशदीपचं पोट पाहिलं. "याला तर डाग नाही. मग हा कसा थांबला?"

"एकाले डागलं, तर दुसऱ्यातला चोर भिऊन पळाला!" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तरी उद्या यालेबी नेऊन राहिलो, हव. काम पक्कं पाहिजे."

"आजी, चोर-बीर कोणी नाही. या वयात पोटाच्या तोंडाची झडप ढिली असते. बाटली ठासून पाजली, लगेच आडवं केलं, की दूध वर येतं. थोडं पाजलं, ढेकर काढला, उभं धरलं, म्हणून थांबलं. सळईने फक्त भाजलं."

"म्हणजे माह्या पोट्ट्याले फुकट भाजलं?" शर्मिष्ठाने विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी यशदीपला खांद्यावर धरून ती रांगेपुढे उभी राहिली. मोबाइलवर विहंगची जखम दाखवली, यशदीपचं कोरं पोट दाखवलं. "चुड़ैल है!" महाराज ओरडले. चार बाया परतल्या. पाचवीने मोकळी जागा पाहून आपलं पोर पुढे सरकवलं.

बायांनो, ओकणारं पोर डॉक्टरला दाखवा. आणि कोणी सळई तापवायला घेतली, तर एवढंच विचारा : ज्याला डागलं नाही, तो कशाने बरा झाला?