सगळ्यांच्या वतीने

"खोकला किती दिवसांचा?" डॉक्टर नरसिंहमूर्तींनी वनजाला विचारलं. वनजाने रिवाजाप्रमाणे वेदवतीबाईंकडे पाहिलं.

म्हैसूरच्या या रेशीम कारखान्यात दर गुरुवारी डॉक्टर येत. कोष उकळून धागा काढणाऱ्या बायका रांगेत उभ्या राहत, पण परक्या पुरुषापुढे तोंड उघडत नसत. त्यांच्या वतीने थोरल्या वेदवतीबाई बोलत. घराणं जुन्या शिलेदारांचं, त्याचा तोरा कामावरही उतरत नसे. "आमच्या बायका दुखणी मिरवत नाहीत," म्हणत त्या घटकाभरात रांग मोकळी करत.

गेल्या महिन्यात त्यांची सून तुळसी, तीही याच रांगेतली, माहेरी सरगूरला गेली, ती रक्ताची गुळणी टाकून. त्याआधी तीन गुरुवार तिच्यासाठी वेदवतीबाईच म्हणाल्या होत्या, ठणठणीत आहे. चौथ्या गुरुवारी तुळसीचे ओठ हलले, तेव्हा सासूने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं. घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

"नेहमीचंच लिहू ना, अम्मा?" डॉक्टरांनी टाक उचलला.

"नका लिहू." वेदवतीबाईंनी शेजारी उभ्या मुकादमाकडे मान वळवली. "गुंडेराव, बाहेर व्हा. बायकांची दुखणी ऐकून तुमचा पगार वाढायचा नाही."

"पण हजेरी घ्यायचीय, बाई."

"दारातनं घ्या. बायका काय पळून जातात?"

गुंडेराव गेला. तरी वनजा गप्पच.

"सुम्मने, उगीच उभी काय राहतेस, सांग की गं."

वनजाने मान खाली घातली. हे गप्प बसणं वेदवतीबाईंनीच तिला शिकवलं होतं.

मग त्या स्वतः स्टुलावर बसल्या. आजवर कधी बसल्या नव्हत्या. उकळत्या पाण्यात सोललेली बोटं त्यांनी टेबलावर ठेवली. "रागी मुद्देचा मऊ गोळाही मोडवत नाही मला. आणि सुनेच्या पदराला रक्त दिसायचं, दसऱ्यापासून. मला ठाऊक होतं. मी खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "तिला बोलावून घ्या. छाती तपासू."

"बोलावते. माझ्या घरी ती येईल का, ते माहीत नाही."

त्या उठल्या. रांगेतल्या सगळ्या अजून त्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या. वेदवतीबाईंनी पदर सारखा केला, बाहेर गेल्या आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आत कुणीतरी घसा खाकरला. मग वनजाचा आवाज आला, अडखळत. शब्द कळू लागले, तशा त्या चार पावलं आणखी लांब गेल्या.