नाचणी पाखडणारी बाई

त्या माणसाने खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवून तळहाताने सरळ केलं.

"ह्यो फोटू तुमीच काढला ना, भाऊ? खाली नाव हाय तुमचं."

विपुलने मान डोलावली. फोटो रविवारच्या पुरवणीत छापून आल्यापासून जुन्नरच्या पेठेत अनेकांनी त्याचं कौतुक केलं होतं. पण त्यासाठी मुद्दाम दुकानाची पायरी चढून आलेला हा पहिलाच. फोटोत एक बाई सुपाने नाचणी पाखडत होती. भुवयांवर भुसा बसला होता, पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती खदखदून हसत होती. विपुलने तो बांधाआडून, लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपला होता. कॅमेरा दिसला की माणसं चेहरा आवळून घेतात, असं तो नेहमी म्हणे. विचारून काढलेला फोटो त्याच्या लेखी खोटा होता.

"बहीण हाय माजी," तो माणूस म्हणाला. "दोन वर्सांमागं घरात बोलाचाली झाली न् निघून गेली. आईनं आंथरूण धरलंय. सारखं तिचंच नाव घेती." त्याने उपरण्याने डोळे टिपले.

आतल्या बैठकीवरून विपुलचे वडील, उत्तमचंद, उठून आले. त्यांनी पाहुण्यासाठी चहा मागवला.

"सांग की रे," ते म्हणाले. "माय-लेकींची भेट होईल."

विपुलने कोऱ्या कागदावर नकाशाच काढून दिला. घाटघरचा एसटीचा थांबा, पुढे शाळा, शाळेमागून जाणारी पायवाट, शेवटचं कौलारू घर. त्या माणसाने कागद कपाळाला लावला आणि पाया पडायला वाकला. विपुलने त्याला वरच्या वर धरलं. तो दिवस फार चांगला गेला.

पंधरा दिवसांनी फोटोची मोठी प्रिंट घेऊन विपुल स्वतः घाटघरला गेला. बाई माहेरी गेली असली, तर घरच्यांच्या हाती द्यावी, असं त्याच्या मनात होतं. अंगणात घराची मालकीण गोजरबाई एकटीच बसली होती. फोटो काढला त्या दिवशी लांबून पाहिलेली ही म्हातारी त्याला आठवत होती. तिने मात्र त्याला कधी पाहिलं नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुणाकडं आलात, पावणं?"

"इथं एक बाई राहायच्या. त्यांचा भाऊ न्यायला आला होता ना?"

"भाऊ?" गोजरबाई त्याच्याकडे बघत राहिली. "तिला भाऊ न्हाई. नवरा व्हता त्यो. जीप घिऊन आला, संगं तिघंजण. पायात वहाणा घालू दिल्या न्हाईत तिला."

तांब्या विपुलच्या हातात तसाच राहिला.

"पाठीवर डागल्याच्या खुणा घिऊन आल्ती. म्या लेकीवाणी ठिवली. गाव कुठलं, म्या कधी इचारलं न्हाई. तिनं सांगितलं न्हाई."

विपुलनेही त्या माणसाला काही विचारलं नव्हतं. चहा दिला होता, नकाशा दिला होता.

"पेपरात फोटू आलता म्हणं तिचा," गोजरबाई म्हणाली. "म्या काय बघितला न्हाई."

त्याला उठून जाता आलं असतं. त्याने पिशवीतून प्रिंट काढली आणि तिच्या हातात दिली. गोजरबाईने ती लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली. चेहऱ्याच्या अगदी वर तिचं बोट थांबलं, टेकलं नाही.

"लई हसतीया. कुणाकडं बघून हसतीया?"

"तुमच्याकडं," विपुल बोलून गेला. "तुम्ही कोंबडं हाकलत होता. लुगड्यात पाय अडकला आणि मटकन खाली बसलात."

गोजरबाईने मान वर केली.

"मंजी तुमी तितं व्हता."

त्याने समोरच्या बांधाकडे बोट दाखवलं.

"हाक मारायची की," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिनं नगं म्हणलं असतं."

विपुल म्हणाला, "मी शोधतो त्यांना. पोलिसांत जातो. तालुक्यात गावोगाव फोटो दाखवतो."

"परत फोटूच दावणार?" गोजरबाई उठली. "आन् नाव काय सांगणार तिचं?"

विपुलने प्रिंटकडे पाहिलं. डार्करूमच्या तांबड्या उजेडात तो चेहरा त्याने कितीतरी वेळा कागदावर उमटताना पाहिला होता. कपाळावरचा गोंदणाचा ठिपका, किडका दात, हसताना डाव्या गालावर पडणारी घडी, सगळं त्याला पाठ होतं.

"काय नाव त्यांचं, आजी?"

गोजरबाईने प्रिंट छातीशी उलटी धरली आणि ती आत गेली. दार तिने लावलं नाही. पाचच्या एसटीची वेळ होईतो विपुल अंगणात उभा होता. आत तिच्या बांगड्या वाजत होत्या, चूल फुंकल्याचा आवाज येत होता. नाव तिने सांगितलं नाही.